स्ट्रीमर मध्येच थांबतो, घरघरतो, संध्याकाळी रुसतो: पॉवर सप्लाय बदलण्याआधी आणि बदलल्यावर

रास्पबेरी पाय या छोट्या एका बोर्डाच्या संगणकावर उभ्या केलेल्या म्युझिक स्ट्रीमरच्या तक्रारी फिरून फिरून त्याच असतात. गाणं चालू असताना अर्ध्या सेकंदाची खाच पडते. यूएसबी डॅक (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारी डबी) अचानक यादीतून गायब होतो आणि रिस्टार्ट केल्यावरच परत दिसतो. गाणं थांबलं की स्पीकरमधून बारीक घरघर ऐकू येते. यावर हमखास मिळणारा सल्ला एकच: लिनिअर (जुन्या पद्धतीचा, जड ट्रान्सफॉर्मरवाला) पॉवर सप्लाय घ्या. मग माणूस खर्च करतो, चार दिवस खूश असतो आणि एखाद्या संध्याकाळी पुन्हा खाच पडायला लागते.

सप्लाय बदलायला माझी ना नाही. पण 'वीज कमी पडते' आणि 'वीज घाण आहे' हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यावर दुसऱ्याचं औषध दिलं की पैसे जातात, आजार तिथेच राहतो. आपला आजार कोणता हे मल्टिमीटर आणि एक पॉवर बँक एवढ्यावर कळतं. म्हणून पाकिटाला हात घालण्याआधी हे करून बघा. पाय ३, ४ आणि ५ तिन्हींना ते लागू आहे. वर मूड (moOde), व्हॉल्युमिओ, पायकोअरप्लेअर यांपैकी कोणतंही म्युझिक सॉफ्टवेअर चालत असो.

आधी बोर्डालाच विचारा

एसएसएचने (दुसऱ्या संगणकावरून नेटवर्कने) आत शिरा आणि 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' (vcgencmd get_throttled) ही कमांड द्या. उत्तर शून्य-एक्स-शून्य (0x0) आलं तर विजेचा तुटवडा नाही, पुढचा केबलचा भाग सोडून थेट घरघरीवर जा. शून्य-एक्स-५०००० आलं तर बोर्ड चालू झाल्यापासून केव्हातरी व्होल्टेज पडून गेलंय. ५०००५ आलं तर ते या क्षणी पडलेलं आहे आणि बोर्डाने आपला वेगही कमी केलाय.

ही कमांड बोर्ड सुरू केल्याकेल्या देऊन उपयोग नाही. तासभर गाणी वाजवा, लायब्ररी स्कॅन करायला लावा, हार्डडिस्क जोडलेली असेल तर तिला झोपवून पुन्हा जागी करा, आणि मग विचारा. पडणारं व्होल्टेज काही मिलिसेकंदांपुरतं पडतं. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, त्याला ते दिसत नाही. बोर्डाला दिसतं आणि तो लक्षात ठेवतो.

ही सूचना ज्या पातळीला उठते ती सुमारे ४.६३ व्होल्ट. म्हणजे ५ व्होल्टच्या अडॅप्टरला वाटेत गमवायला ०.३७ व्होल्ट एवढीच मुभा आहे. पायचे अधिकृत अडॅप्टर ५ ऐवजी ५.१ व्होल्टचे असतात ते याच कारणाने.

दोषी बहुतेक वेळा केबल

आता वाटेत नेमकं किती हरवतं ते बघू. मोबाईलबरोबर येणाऱ्या स्वस्त केबलमध्ये विजेच्या तारा बऱ्याचदा २८ गेजच्या असतात (गेजचा आकडा मोठा तशी तार बारीक). २८ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. वीज जाते एका तारेने आणि परत येते दुसऱ्या तारेने, म्हणून एक मीटरच्या केबलमध्ये तार धरायची दोन मीटर: ०.४२ ओहम. बोर्डाने १ अँपिअर ओढला की केबलमध्येच ०.४२ व्होल्ट संपले. अडॅप्टर अगदी प्रामाणिक ५.० व्होल्ट देत असला तरी बोर्डापर्यंत ४.५८ पोहोचतात. तीच केबल २४ गेजची असेल तर घट ०.१७, आणि २० गेजची असेल तर जेमतेम ०.०७ व्होल्ट.

म्हणून लिनिअर सप्लायचा जड डबा आणून तो याच केबलने जोडला तर काहीही बदलत नाही. उलट सप्लाय बरोबर पाच व्होल्टवर लावलेला असेल तर आधीचा ५.१ वाला अडॅप्टर बरा होता असं म्हणायची वेळ येते.

मोजायचं कुठे? अडॅप्टरच्या तोंडाशी नाही, बोर्डावर. चाळीस पिनांच्या हेडरवर पिन ४ म्हणजे ५ व्होल्ट आणि पिन ६ म्हणजे ग्राउंड, शेजारी शेजारीच आहेत. गाणं चालू ठेवून तिथे मीटर लावा. प्रोबची टोकं घसरून शेजारच्या पिनेला टेकणार नाहीत एवढं बघा. ५ व्होल्टची पिन चुकून ३.३ व्होल्टच्या एखाद्या पिनेला लागली तर बोर्ड गेलाच म्हणून समजा. त्यापेक्षा दोन जंपर वायर पिनांवर खोचा आणि त्यांच्या दुसऱ्या टोकांना मीटर लावा. ४.९ च्या वर रीडिंग असेल तर निश्चिंत राहा. ४.७५ च्या खाली असेल तर आधी केबल बदला, मग बाकीच्या गप्पा.

चार्जरबद्दल एक गोष्ट. "माझा चार्जर ६५ वॉटचा आहे, तो कसा कमी पडेल?" हा प्रश्न रास्त वाटतो, पण ते ६५ वॉट ५ व्होल्टवर नसतात. चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा: ५ व्होल्टच्या ओळीत २ किंवा ३ अँपिअरच लिहिलेलं असतं, बाकीची ताकद ९, १५, २० व्होल्टवर. पाय ४ ला ३ अँपिअर पुरतात. पाय ५ ला ५.१ व्होल्टवर ५ अँपिअर हवेत, आणि हा जोड अधिकृत २७ वॉटच्या अडॅप्टरबाहेर फार कमी ठिकाणी सापडतो. ३ अँपिअरचा चार्जर दिसला की पाय ५ आपल्या सगळ्या यूएसबी पोर्टना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो. यूएसबीवरच चालणारा डॅक आणि अडीच इंची हार्डडिस्क एकत्र जोडली की डिस्क फिरायला लागण्याच्या क्षणी डॅक गायब, हे कोडं तिथेच सुटतं. डिस्कला स्वतःचा सप्लाय असलेला हब द्या. स्ट्रीमरचा सप्लाय बदलून हे जाणार नाही.

२०१९ च्या पहिल्या खेपेतला पाय ४ कोणाकडे असेल तर त्याच्या टाइप-सी सॉकेटात रचनेचाच दोष होता. लॅपटॉपबरोबर येणाऱ्या चिपवाल्या जाड केबलने तो चालूच होत नाही, कारण चार्जर त्याला ऑडिओ ॲडॅप्टर समजून वीज देत नाही. अशा बोर्डाला साधी, चिप नसलेली केबल लावा. पुढच्या आवृत्तीत हे दुरुस्त झालं.

घरघर कुठून येते

घरघरीच्या बाबतीत कान थोडे तयार करावे लागतात. एसीची डीसी करणाऱ्या रेक्टिफायरमधून येणारी घरघर १०० हर्ट्झची असते, कारण ५० हर्ट्झच्या दोन्ही अर्ध्या लाटा मोजल्या जातात. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांना हिची एक खास खूण मिळते. गायक काळी एकचा असेल तर षड्ज साधारण १३८.६ हर्ट्झ, आणि तानपुऱ्याच्या पहिल्या तारेचा मंद्र पंचम १०४ च्या आसपास. त्याच्या शेजारी १०० ची घरघर बसली की सेकंदाला चारेक ठोके पडतात आणि सुरेल लावलेला तानपुरा हलल्यासारखा वाटतो. रेकॉर्डिंगमधला तानपुरा उतरलाय असं वाटून लोक डॅक बदलतात. गाणं थांबवून कान स्पीकरच्या वूफरला लावा, घरघर तिथेच सापडेल.

आता ती येते कुठून हे शोधायचं. ॲम्पमधून स्ट्रीमरची आरसीए केबल (ऑडिओ सिग्नलची) काढा. तरी घरघर असेल तर स्ट्रीमर निर्दोष आहे, ॲम्प बघा. आवाज गेला तर केबल परत लावा आणि स्ट्रीमरला अडॅप्टरऐवजी पॉवर बँकेवर चालवा. लॅनची केबल काढून वायफायवर या, एचडीएमआयही काढा. आता शांत झालं का? मग एकेक वस्तू परत जोडत जा: आधी अडॅप्टर, मग लॅन, मग एचडीएमआय. ज्या वस्तूने घरघर परतली ती गुन्हेगार. टीव्हीशी जोडलेली एचडीएमआय आणि टीव्हीला आलेली केबलवाल्याची तार ही जोडी मला फार वेळा सापडलेली आहे; त्या तारेचं ग्राउंड इमारतीत भलतीकडेच कुठेतरी असतं.

पॉवर बँकेवर शांत आणि अडॅप्टरवर घरघर, असं झालं तर कारण बहुधा गळती करंटचं असतं. दोन पिनांच्या एसएमपीएस (नेहमीच्या हलक्या, स्विचिंग प्रकारच्या) अडॅप्टरमध्ये मेन्स आणि आउटपुट यांच्यामध्ये एक छोटा वाय-कपॅसिटर असतो, साधारण १ ते २.२ नॅनोफॅरडचा. तो लागतोच, नाहीतर अडॅप्टर रेडिओलहरींचा उपद्रव करेल. पण २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर २.२ नॅनोफॅरडमधून ०.१६ मिलिअँपिअर वाहू शकतात. धातूच्या डब्यावरून हाताची मागची बाजू फिरवली की मुंग्या आल्यासारखं वाटतं ते हेच. जिवाला धोका नाही, पण या करंटला अर्थपर्यंत पोहोचायला वाट हवी असते, आणि स्ट्रीमर अर्थला जोडलेला नसेल तर ती वाट तुमच्या आरसीए केबलच्या जाळीतून ॲम्पमध्ये जाते. जाळीच्या रोधावर त्याचं जे व्होल्टेज तयार होतं ते सिग्नलमध्ये मिसळतं.

इथे लिनिअर सप्लायचा खरा, मोजता येणारा फायदा आहे. ट्रान्सफॉर्मरच्या दोन वेटोळ्यांमधली गळती बरीच कमी असते. पण कोणता ट्रान्सफॉर्मर, यावर माझं मत बाजाराच्या उलट आहे. ऑडिओवाले टोरॉइडच्या, म्हणजे कड्याच्या आकाराच्या ट्रान्सफॉर्मरच्या, प्रेमात असतात. टोरॉइडमध्ये सेकंडरी थेट प्रायमरीवर गुंडाळलेली असते, त्यामुळे मधे जाळी नसेल तर दोघींमधली कपॅसिटन्स जास्त. साधा ईआय ट्रान्सफॉर्मर, ज्याच्या बॉबिनमध्ये मधोमध भिंत असून दोन वेटोळी वेगळ्या कप्प्यांत असतात, तो या कामाला चांगला आणि स्वस्तही. त्याचं चुंबकीय क्षेत्र मात्र बाहेर सांडतं, म्हणून डॅकपासून फूटभर लांब ठेवावा लागतो. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत 'स्प्लिट बॉबिन' म्हणून मागा.

त्याहून स्वस्त उपाय म्हणजे स्ट्रीमरच्या ग्राउंडपासून थ्री-पिन प्लगच्या अर्थ पिनेपर्यंत एक वायर. गळती सरळ अर्थला जाते, आरसीएला हात लावत नाही. घरातलं अर्थिंग नावापुरतं नाही ना, हे आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या; जुन्या वाड्यांत आणि चाळींत सॉकेटाला तिसरं भोक असतं पण मागे वायर नसते. आणि घरघर घालवायला ॲम्पच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकायचा जो जुगाड सर्रास सांगितला जातो, तो करू नका. ॲम्पमध्ये बिघाड झाला तर सगळी कॅबिनेट २३० व्होल्टवर येईल.

तिसरा प्रकार घरघरीचा नसतो, चिवचिवीचा असतो: ट्रॅक बदलताना, लायब्ररी स्क्रोल करताना किर्र-किर्र बदलत जाणारा आवाज. हा बोर्डाच्या स्वतःच्या पाच व्होल्टवरचा गोंधळ, तो हॅटवाल्या, म्हणजे पायच्या पिनांवर थेट बसणाऱ्या, डॅकमध्ये ऐकू येतो. बाहेरचा सप्लाय कितीही स्वच्छ केला तरी प्रोसेसर त्याला आतून घाण करतच राहतो. डॅकला वेगळा सप्लाय देणं हाच उपाय. काही हॅटवर त्यासाठी जंपर आणि वेगळा कनेक्टर असतो. डॅकची भूक काही दशक मिलिअँपिअरची, त्यामुळे एलटी३०४५ या रेग्युलेटर चिपचं एक छोटं मॉड्यूल, जे ५०० मिलिअँपिअर देतं आणि ज्याचा नॉइझ एका मायक्रोव्होल्टच्या आत असतो, भरपूर झालं. पैसे खर्च करायची हौस असेल तर ती इथे भागवा.

यूएसबी डॅक असेल तर घड्याळ डॅकच्याच आत असतं, स्ट्रीमरच्या सप्लायने बिट्स बदलत नाहीत. ग्राउंडमधून काही शिरत असेल तर यूएसबी आयसोलेटर बसवता येतो, पण स्वस्त आयसोलेटर बहुधा एडीयूएम४१६० चिपचे असतात आणि ती चिप १२ मेगाबिटपर्यंतच जाते. तो लावल्यावर १९२ किलोहर्ट्झच्या फाइल वाजेनाशा झाल्या तर डॅक बिघडलेला नाही. स्ट्रीमरला ऑप्टिकल आउटपुट आणि डॅकला ऑप्टिकल इनपुट असेल तर ते वापरा, प्रकाशातून घरघर जात नाही.

लिनिअर बसवला आणि संध्याकाळी बंद पडायला लागला

हा सगळ्यात छळणारा प्रकार, कारण दुपारी तपासायला गेलं की सगळं ठीक असतं. सांगलीजवळच्या एका घरात हे बघायला मिळालं. विकत घेतलेला लिनिअर सप्लाय, आत ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, साधा ब्रिज (डायोडचा रेक्टिफायर), ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि व्होल्टेज स्थिर ठेवणारा एलएम३३८ रेग्युलेटर. दुपारी सॉकेटला २३० व्होल्ट. दिवेलागणीला १९२.

ढोबळ हिशोब मांडू. दुपारी ९ व्होल्ट एसीचं शिखर १२.७. ब्रिजमध्ये दोन डायोडचे मिळून २ व्होल्ट जातात, राहिले १०.७. बोर्ड आणि डॅक मिळून १.२ अँपिअर ओढतात तेव्हा ४७०० मायक्रोफॅरडवर १०० हर्ट्झची लाट अडीच व्होल्टची. म्हणजे लाटेच्या तळाशी ८.२. रेग्युलेटरला ५.२ द्यायला वर सव्वादोन-अडीच व्होल्टची जागा लागते, म्हणजे साडेसात. दुपारी जेमतेम पास. संध्याकाळी १९२ वर शिखर १०.६, ब्रिजनंतर ८.६, लाटेच्या तळाशी ६.१. सेकंदाला शंभर वेळा आउटपुट पाचच्या खाली बुडतं. मीटर मात्र ४.८ वगैरे दाखवून गप्प बसतो.

ज्या साध्या अडॅप्टरला काढून हा डबा बसवला तो १०० ते २४० व्होल्टवर चालतो. त्याला १९२ झाले की नाही याचा पत्ताही लागत नाही.

दुरुस्ती: ब्रिजच्या जागी कमी व्होल्ट खाणारे शॉटकी डायोड बसवले, एक व्होल्ट वाचला. कपॅसिटर १०,००० मायक्रोफॅरडचा केला, लाट १.२ व्होल्टवर आली. रेग्युलेटर एलटी१०८५ घेतला, त्याला पूर्ण लोडलाही दीड व्होल्टच जागा पुरते. आता १९२ वर तळाशी ८.४ राहतात आणि गरज ६.७ ची आहे. मेन्स १६५ च्या आसपास जाईपर्यंत काळजी नाही. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घालूनही हेच साधलं असतं, पण मग दिवसभर दहा-अकरा वॉट नुसती उष्णता, तेवढा मोठा हीटसिंक, आणि उन्हाळ्यात बंद कपाटात ठेवलेला तो डबा.

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर तोच खेळ दुसऱ्या बाजूने होतो. ट्रान्सफॉर्मर-रेक्टिफायरला लाटेचं शिखर हवं असतं. साइन लाटेत २३० चं शिखर ३२५ असतं, चौकोनी लाटेत २३० ला २३०. लाईट गेल्यावरच स्ट्रीमर रिस्टार्ट होतो आणि ट्रान्सफॉर्मर जोरात घुमतो, असं दिसलं की समजून जा.

स्वतः बांधणार असाल तर

मेन्सच्या बाजूचं काम सवय नसेल तर जाणत्याला बसवून करा. प्रायमरीला फ्यूज हवाच. ३० व्हीएच्या ट्रान्सफॉर्मरला ३१५ मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो ठीक. धातूचा डबा अर्थला बोल्टने जोडा, नुसता सोल्डर करू नका.

व्होल्टेज ठरवायला प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावायचा मोह टाळा. प्रीसेटचा सरकता संपर्क वर्षा-दोन वर्षांत गंजला, सुटला, की ॲडजस्ट पिन मोकळी होते आणि आउटपुट कच्च्या व्होल्टेजच्या जवळ जातं. समोर काही हजारांचा बोर्ड आहे. फिक्स रेझिस्टर वापरा. १२० ओहम आणि ३३० अधिक ४७ ओहम घेतले तर एलएम३३८ कागदावर ५.२ च्या जवळ देतो. कागदावर म्हणतो, कारण चिपचं संदर्भ व्होल्टेज १.२५ ऐवजी १.१९ पासून १.२९ पर्यंत कुठेही असू शकतं. वरच्या टोकाची चिप मिळाली तर ५.३५ च्या पुढे जाल, ते बोर्डाला नको. म्हणून आधी ४.७ ओहम, १० वॉटचा सिमेंट रेझिस्टर लोड म्हणून लावा, अर्धा तास चालू ठेवा, गरम झाल्यावर मोजा. ५.१ ते ५.२ च्या मध्ये असेल तरच स्ट्रीमर जोडा. तो रेझिस्टर हाताने चाचपू नका, चटका बसतो.

डीसी जॅकही तपासा. बाहेरून ५.५ मिलिमीटर असलेल्या जॅकमध्ये आतलं भोक २.१ चं किंवा २.५ चं असतं. २.५ चा प्लग २.१ च्या सॉकेटात छान बसतो, दिसायला घट्टही असतो, पण मधली पिन नुसती टेकते. कपाटाचं दार आपटलं की रिस्टार्ट. महागडा सप्लाय परत पाठवण्याआधी प्लग बोटाने हलवून बघा.

जीपीआयओ पिनांतून (त्याच चाळीस पिनांच्या हेडरमधून) वीज देणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. त्या वाटेने सॉकेटामागचं संरक्षण वगळलं जातं, त्यामुळे उलटसुलट जोडणीला माफी नाही. आणि पाय ५ ला समोर किती अँपिअरचा सप्लाय आहे हे त्या वाटेने कळत नाही, तो ३ अँपिअर गृहीत धरून यूएसबीला पुन्हा ६०० मिलिअँपिअरवर अडवतो. कॉन्फिग फाइलमध्ये 'यूएसबी_मॅक्स_करंट_एनेबल' (usb_max_current_enable) एक केल्याशिवाय डॅक गायब होणं थांबत नाही.

आणि कार्ड. लाईट जाऊन-येऊन मेमरी कार्ड खराब होणं हा सप्लायच्या दर्जाचा प्रश्नच नाही, कोणताही सप्लाय लाईट गेल्यावर बंदच पडणार. पायकोअरप्लेअर सगळा रॅममध्ये चालतो, कार्डावर एरवी लिहीत नाही, त्यामुळे प्लग उपटला तरी बिघडत नाही. ज्यांच्याकडे रोज एकदा तरी लाईट जाते त्यांनी हे सॉफ्टवेअर घ्यावं, सप्लायचे पैसे वाचतील.